आराखड्याच्या कोपऱ्यातले नाव

किराणा सामानाची एक यादी. एक पौंड पास्त्रामी, आंबवलेल्या कोबीचा एक डबा, सहा बेगल, आणि हे सगळे एम्मासाठी घरी न्यायचे. विसाव्या शतकातल्या कुणा नवऱ्याने घाईघाईत खरडलेला हा कागद सहाशे वर्षांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात फ्रान्सिस नावाच्या तरुण ब्रदरच्या हाती लागतो. उपवासकाळ एकांतात काढण्यासाठी तो मठाबाहेर आला आहे आणि भुकेने अर्धमेला झाला आहे. मधल्या काळात अणुयुद्धात जग जळून गेले आहे. बेगल म्हणजे काय हे सांगायला कोणी उरलेले नाही. पण कागद कोणाचा हे उमगताच त्याचे हात थरथरू लागतात. ज्याच्या नावाने त्याचा मठ चालतो, त्या लायबोविट्झच्या हातची ती यादी आहे.

वॉल्टर एम. मिलर ज्युनिअर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लायबोविट्झ’ची ही सुरुवात. १९५५ ते १९५७ या काळात एका मासिकात आलेल्या तीन दीर्घकथा पुन्हा घडवून, जोडून मिलरने १९५९ साली ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि १९६१ साली तिला विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेत ख्रिस्ती धर्म आला की तो बहुतेकदा विज्ञानाची वाट अडवायला येतो, नाहीतर शेवटच्या पानावर चमत्कार घडवायला. मिलरच्या पुस्तकात तो हाताने काम करतो. शाई घोटतो, चर्मपत्र कमावतो, पुस्तके पिंपात भरून जमिनीत पुरतो, आणि ज्यातले अक्षरही कळत नाही अशा कागदांच्या पिढ्यान्‌पिढ्या नकला करतो.

मी वसईच्या कॅथलिक घरात वाढलो आणि पोटासाठी आयुष्यभर विद्युत आराखड्यांचे काम केले. त्यामुळे या पुस्तकातली एक गोष्ट मला फार आतून लागली. त्या यादीबरोबर फ्रान्सिसला एक ब्लूप्रिंटही सापडते, ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या कुठल्याशा नियंत्रण यंत्रणेची. तो तिची नक्कल करायला बसतो. निळ्यावर पांढऱ्या रेघा काढायच्या, म्हणजे रेघा कोऱ्या सोडून बाकीचा सगळा कागद शाईने भरायचा. पुढे एका जुन्या कागदावरून त्याला कळते की निळा रंग हा आराखड्याचा भाग नव्हताच, तो फक्त छापण्याच्या पद्धतीचा परिणाम होता. इतकी वर्षे मठाची शाई एका योगायोगाच्या पूजेत खर्च झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात अमोनिया प्रिंटचा वास भरलेला असायचा. ते प्रिंट कितीही फिके पडले तरी आम्ही जपून ठेवायचो, आणि त्यावरच्या कुठल्या रेघेला अर्थ आहे आणि कुठली नुसती कागदाची घडी आहे हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला असायचा. ज्ञान टिकते आणि समज निघून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून फ्रान्सिसच्या त्या चुकीचे मला हसू आले नाही. त्याच्यावर माझा जीव जडला.

त्याने नंतर आपल्या वेळात सोनेरी वर्ख आणि वेलबुट्टी लावून एक सुंदर प्रत केली. तिच्यावर त्याची १५ वर्षे गेली. ती आणि मूळ ब्लूप्रिंट घेऊन तो नव्या रोमला निघाला, तेव्हा वाटेत दरोडेखोराने त्याला गाठले आणि सोनेरी प्रतच मौल्यवान समजून ती हिसकावून घेतली. फाटका मूळ कागद तेवढा वाचला. पोप त्याला सांगतात की तुझी १५ वर्षे वाया गेली नाहीत, त्या प्रतीनेच मूळ वाचवले. (या पोपचे नाव लिओ एकविसावे आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतले आणि दोनच दिवसांत कार्डिनलांना सांगितले की औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांचा प्रश्न हाती घेणाऱ्या लिओ तेराव्यांची आठवण त्यामागे आहे, कारण आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसाच प्रश्न पुन्हा उभा आहे. ते वाचले त्या संध्याकाळी मी मिलरचे पुस्तक पुन्हा कपाटातून काढले.)

पण कागद खरा कशावरून? त्याच्या कोपऱ्यात नाव आहे म्हणून. आराखडा करणाऱ्याचे नाव, लायबोविट्झ, आय. ई. आमच्या धंद्यात त्या कोपऱ्याला टायटल ब्लॉक म्हणतात. कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला, तारीख. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एवढे तरी शिकवले जाते की या चौकटीत सही केलीस की उद्या पॅनेल जळाले तर तुला बोलावतील. मिलरच्या जगात हीच चौकट संताच्या अवशेषाचा पुरावा ठरते. मला वाटते, पुस्तकातला सगळा नीतिविचार याच कोपऱ्यात आहे.

कारण हा लायबोविट्झ कोण होता? ज्यू घरातला विद्युत अभियंता, आणि सैन्यासाठी काम करणारा. ज्या युद्धाने जग जाळले त्याच्या यंत्रणेत त्याच्याही हातच्या रेघा होत्या. युद्धानंतर जगलेल्या लोकांचा राग शिकलेल्यांवर निघाला. आधी राज्यकर्ते, मग शास्त्रज्ञ, मग अभियंते, शिक्षक, आणि शेवटी ज्याला वाचता येते तो प्रत्येक जण. जमाव स्वतःला अभिमानाने अडाणी म्हणवू लागला. पुस्तके जाळली गेली. लायबोविट्झ बायकोला शोधत फिरला, ती सापडली नाही, मठात आसऱ्याला आला, ख्रिस्ती झाला, पुढे धर्मगुरू झाला. मग त्याने परवानगी मागून एक नवा संघ काढला. ख्रिस्ती तत्त्वज्ञ तोमा अक्वायनसचे गुरू आणि निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते संत आल्बर्ट यांच्या नावाचा. काम एकच, पुस्तके चोरून आणायची आणि लपवायची, आणि नाही जमले तर तोंडपाठ करायची. त्याच्याच धंद्यातल्या एकाने त्याला ओळखले आणि जमावाच्या हवाली केले. त्याला एकाच वेळी फासावर चढवले आणि जाळले.

इथे मी बराच थांबतो, दर वाचनात. आपल्या हातून असे काही झाले असते तर आपण काय केले असते? मला सर्वात स्वाभाविक वाटते ते म्हणजे कागद जाळून टाकणे. पुन्हा कोणाच्या हाती लागायला नको. लायबोविट्झ पश्चात्तापाने पोळलेला असूनही तसे करत नाही. विसरून निर्दोष होण्याचा मार्ग जमावाने निवडला होता, आणि त्या निर्दोषपणासाठी त्यांनी लाखो माणसे मारली. लायबोविट्झ ते ज्ञान जवळ ठेवतो, त्यावरचे आपले नाव पुसत नाही, आणि त्याच्यापायी मरतो. आम्हाला लहानपणी शिकवले होते की पापाची कबुली द्यायची तर आधी ते आठवावे लागते, नावानिशी, मोजून. जे आठवत नाही त्याची क्षमा कशी मागणार? तंत्रज्ञानाच्या नीतीवर मी जे थोडेफार वाचले आहे त्यात ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे मांडलेली मला सापडली नाही.

मिलरला हे कुठून मिळाले याची हकिगत कथेइतकीच महत्त्वाची आहे. १९२३ साली फ्लोरिडात जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानांवर रेडिओ आणि शेपटीकडची तोफ सांभाळत होता. इटली आणि बाल्कन प्रदेशावर त्याने ५० हून अधिक मोहिमा केल्या. त्यातली एक माँते कासिनोची. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात उभारलेला तो डोंगरावरचा मठ म्हणजे पश्चिमेकडच्या मठजीवनाचे मूळपीठ. रोमन साम्राज्य कोसळल्यावर जुनी पुस्तके ज्यांनी नकला करून जगवली, त्यांच्या परंपरेचा तो उगमच. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोनशेहून अधिक विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. जर्मन सैनिक त्या वेळी मठाच्या आत नव्हते. आसऱ्याला आलेले गावकरी होते, काही भिक्षू होते आणि वृद्ध मठाधिपती होते. पडलेल्या भिंतींमध्ये मग जर्मनांनी मोर्चे बांधले आणि तिथून त्यांना हटवायला १८ मे उजाडला.

या घटनेत आपलाही धागा आहे. मठाची तटबंदी पाहून बॉम्बफेकीचा आग्रह धरणारा सेनापती चौथ्या भारतीय डिव्हिजनचा होता, आणि त्या उतारांवर भारतीय जवान मरत होते. त्याच उन्हाळ्यात, जुलै १९४४ मध्ये, इटलीतच वरच्या टायबर खोऱ्यात आपल्या माणगावकडचे यशवंत घाडगे लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवानांचे जीव वाचावेत म्हणून मठ पाडा, असे म्हणणाऱ्याला मी सहज दोषी ठरवू शकत नाही. त्या डोंगराखाली चिखलात बसलेल्या माणसाच्या आईला विचारले असते तर तिने काय उत्तर दिले असते हे मला माहीत आहे.

मिलर १९४७ साली कॅथलिक झाला. तरी कादंबरी लिहिताना आपण माँते कासिनोबद्दल लिहीत आहोत हे त्याच्या लक्षात आले नव्हते. तिसऱ्या भागात ढिगाऱ्याखाली अर्धवट गाडला गेलेला मठाधिपती तो रंगवत होता, तेव्हा त्याला एकाएकी उमगले की हे दगड अमेरिकेच्या वाळवंटातले नाहीत, दक्षिण इटलीतले आहेत. हे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. विमानातून खाली जे केले त्याकडे तो दहा-बारा वर्षे कथेच्या वाटेने चालत होता. आपल्या कोपऱ्यातले आपले नाव वाचायला माणसाला इतका वेळ लागू शकतो.

मधला भाग ३१७४ सालचा. जग सावरू लागले आहे. मठातल्या ब्रदर कोर्नहोअरने जुने कागद चाळून डायनॅमो बनवला आहे. चार ब्रदर पायचक्की फिरवतात आणि तळघरातल्या ग्रंथालयात विजेचा प्रखर दिवा पेटतो. तो टांगायला जागा हवी म्हणून कमानीवरचा क्रूस उतरवला जातो. ग्रंथपाल ब्रदर आर्मब्रूस्टर संतापतो. मिलर यावर भाष्य करत नाही, आणि क्रूस काढला म्हणून दिवा वाईट, असेही सुचवत नाही. त्या दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा कोणी नीट वाचणार आहे. पण आकडा एकच आहे आणि काय टांगायचे ते ठरवावे लागते, एवढे तो दाखवतो.

वाचायला आलेला असतो थॉन ताद्देओ, राजाचा नातलग आणि आपल्या काळातला सर्वात मोठा विद्वान. तो उद्धट नाही, खोटाही नाही. जग शहाणे होईपर्यंत शहाणपण राखून ठेवाल तर जगाला ते कधीच मिळणार नाही, असे तो मठाधिपती डॉम पावलोंना सुनावतो, आणि ते खरेच आहे. पण त्याच्याबरोबर आलेले राजाचे अधिकारी मठाच्या तटबंदीचे नकाशे काढत हिंडत असतात. राजा अक्षरशत्रू आहे, क्रूर आहे, आणि विद्वानांच्या शोधांवर हक्क त्याचा राहणार हे ताद्देओला ठाऊक आहे. त्याचे म्हणणे असे की सत्ता कोणाच्या हाती असावी हा माझा विषय नव्हे, मी सत्य शोधतो. आणि अगदी शेवटी तो माणसाच्या मूळ पापाची कथाच उलटवू पाहतो. आपण कदाचित मूळ मानवाचे वंशज नसूच, त्यांनी सेवेसाठी घडवलेली आणि मग बंड केलेली दुसरीच जात असू. म्हणजे त्या जळालेल्या जगाचे देणे आपल्याकडे लागतच नाही.

मिस्सेच्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेच्या, आरंभी आम्ही छातीला हात लावून कबूल करतो की विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केले, आणि जे करायला हवे होते ते न करण्यानेही केले. लहानपणी हे शेवटचे कलम मला जादा वाटायचे. न केलेल्या गोष्टीचे कसले पाप? ताद्देओ वाचल्यावर ते कलम मला सगळ्यात जड वाटू लागले. त्याने बॉम्ब बनवला नाही. त्याने फक्त नकाशे काढणाऱ्यांकडे पाहिले आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. मी ज्या धंद्यात होतो तिथे बहुतेक हानी अशीच होते. इंटरलॉक, म्हणजे धोका असताना यंत्र चालू न देणारी कडी, काढून टाकलेला सगळ्यांना दिसतो, तो कोणी काढला हे कोणी विचारत नाही, काम पुढे सरकते.

आज जी यंत्रे माणसासारखे लिहितात, निदान करतात, कर्ज द्यायचे की नाही सांगतात, त्यांच्याबद्दल रोममध्ये २०२० साली एक आवाहन निघाले आणि मायक्रोसॉफ्ट, आयबीएमसारख्या कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. पारदर्शकता, जबाबदारी, निःपक्षपात अशी त्यातली तत्त्वे आहेत. चांगली आहेत. माझी अडचण वेगळी आहे. तत्त्वांवर कंपनी सही करते. आराखड्यावर माणूस सही करत असे. हजारो हातांनी मिळून घडवलेल्या, आणि घडवणाऱ्यांनाही पुरत्या न उलगडणाऱ्या यंत्राला टायटल ब्लॉक कुठे काढायचा, हा प्रश्न मला खरोखर छळतो. मिलरचे उत्तर तयार नाही, पण प्रश्न त्याच्यामुळेच मला नीट विचारता येतो.

या वाटेवर मिलर एकटा नव्हता. सी. एस. लुइस यांची ‘दॅट हिडियस स्ट्रेंग्थ’ ऑगस्ट १९४५ मध्ये आली, हिरोशिमा-नागासाकीनंतर लगेचच, आणि जॉर्ज ऑर्वेलने परीक्षणात लिहिलेही की त्या बॉम्बमुळे ही कथा फारच ताजी वाटते. तिच्यात एक सरकारी विज्ञानसंस्था गिलोटिनखाली मेलेल्या गुन्हेगाराचे मुंडके नळ्या लावून जिवंत ठेवते आणि त्याच्या आज्ञेने चालते. लुइसचा मूळ विचार त्यांच्या १९४३ च्या व्याख्यानांत आहे. माणसाची निसर्गावरची सत्ता म्हणून आपण जी मिरवतो, ती शेवटी काही माणसांची इतर माणसांवरची सत्ता असते, निसर्ग हे फक्त हत्यार. हे वाक्य मी अनेक सभांमध्ये मनात म्हटले आहे. कादंबरी मात्र मला त्या विचारापुढे तोकडी वाटते, कारण तिच्यातले प्रयोगशाळेचे लोक पहिल्यापासूनच सैतानाच्या बाजूचे आहेत. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४६ साली नेमका हाच आक्षेप घेतला की लुइसना शास्त्रज्ञ कसे असतात हे माहीतच नाही. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. निरीश्वरवादी होते, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. वाईट माणसाच्या हातातल्या यंत्राची गोष्ट सोपी असते. लायबोविट्झ बायकोसाठी कोबीचा डबा आणणारा माणूस होता.

जेम्स ब्लिशच्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’मध्ये (१९५८) जेझुइट संघातला एक धर्मगुरू-जीवशास्त्रज्ञ दूरच्या ग्रहावर जातो. तिथले प्राणी देवाचे नावही न घेता निष्पाप जगतात, आणि त्याच्या बरोबरचा पदार्थवैज्ञानिक त्या लिथियमने भरलेल्या ग्रहाचा बॉम्बचा कारखाना करू पाहतो. शेवटी ग्रह फुटतो. प्रार्थनेने की प्रयोगातल्या चुकीने, हे ब्लिश मोकळे सोडतो. हुशार पुस्तक आहे. पण त्यातल्या फादरांचे सगळे दुःख धर्मसिद्धान्ताचे आहे. ग्रहावर जे राहतात त्यांच्यासाठी ते पुरेसे रडत नाहीत.

मिलरचा तिसरा भाग ३७८१ सालचा. अंतराळयाने आहेत, रस्त्यांवर आपोआप चालणाऱ्या गाड्या आहेत, मठाधिपती झेर्कींच्या टेबलावर बोललेले लिहून घेणारे आणि भाषांतर करणारे यंत्र आहे. आणि बॉम्ब परत आले आहेत. मठात सांकेतिक शब्द येतो, ल्युसिफर कोसळला. किरणोत्साराने भाजलेली माणसे रस्त्याने येऊ लागतात. सरकारने त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या आहेत, जिथे डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवले की वेदनारहित मरण मिळते. डॉक्टर कोर्स सज्जन आहे. वेदना हे एकच वाईट मला ठाऊक आहे, असे तो म्हणतो. मठाच्या आवारात कोणाला मरणाचा सल्ला देणार नाही असे वचन तो देतो, आणि भाजलेले मूल कवटाळून आलेल्या एका आईला पाहून ते मोडतो. झेर्की त्या आईला थांबवू पाहतात, वाद घालतात, लहानपणी मारलेल्या मांजराची गोष्ट सांगतात, शेवटी छावणीच्या दाराशी डॉक्टरला ठोसा मारतात. ती मुलाला घेऊन आत जाते.

इथे मी कोणाच्या बाजूने आहे हे ठरवायला मला फार वेळ लागला. माझ्या धर्माची शिकवण झेर्कींच्या तोंडी आहे. तरीही ती आई त्यांच्याकडे पाहते तेव्हा मला त्यांची लाज वाटते. असे का, याचे उत्तर मला कादंबरीबाहेर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात सापडले. अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर तिथे ४२ वर्षे निपचित पडून होत्या. त्यांना मरू द्यावे अशी याचिका झाली, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी ठाम नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये ती याचिका फेटाळताना त्यांच्या या इच्छेला वजन दिले, आणि त्याच निकालात काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरू देण्याला, वाटही करून दिली. परिचारिकांचे म्हणणे बरोबर होते की नाही यावर माणसे अजून वाद घालतात. पण ‘नाही’ म्हणण्याचा त्यांचा अधिकार कोणी नाकारू शकत नाही. त्यांच्यातल्या पिढ्यांनी ते शरीर पुसले होते, भरवले होते, कूस बदलून दिली होती. २०१५ साली अरुणाबाई गेल्या तेव्हा या परिचारिका नातेवाइकांसारख्या रडल्या. झेर्कींकडे त्या मुलासाठी एक रात्र आणि काही युक्तिवाद होते. डॉक्टर कोर्सकडे सुई होती. त्या मुलाजवळ बसायला दोघांपैकी कोणी आले नव्हते.

मिलरला हे कळले होते असे मला वाटते, कारण तो झेर्कींना युक्तिवादावर सोडत नाही. ते चर्चमध्ये मिसेस ग्रेल्स नावाच्या टोमॅटो विकणाऱ्या म्हातारीची पापांची कबुली ऐकत असतात. तिला दोन डोकी आहेत. जुन्या युद्धाच्या किरणोत्साराने पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेल्या वंशातली ती. खांद्यावरचे दुसरे डोके कायम झोपलेले असते. त्याचे नाव तिने रेचल ठेवले आहे आणि त्याला बाप्तिस्मा द्या म्हणून ती किती दिवस धर्मगुरूंच्या मागे लागली आहे. कोणी तयार होत नाही, नियमात बसत नाही म्हणून. कबुलीत ती म्हणते की देवाची क्षमा मागायची आहेच, पण मला असे घडवले म्हणून त्यालाही क्षमा करायची आहे. हे वाक्य लिहायला हिंमत लागते, आणि श्रद्धाही. त्याच क्षणी खिडक्या पांढऱ्या होतात.

झेर्की ख्रिस्तशरीराचे पात्र छातीशी धरून पळतात आणि कमरेपासून खाली दगडांखाली गाडले जातात. आता वेदना त्यांच्या स्वतःच्या आहेत आणि कोणताही डॉक्टर जवळ नाही. हा न्याय लेखकाने त्यांच्याशी केला आहे. ढिगाऱ्यात जुन्या कबरीतली एक कवटी त्यांच्या हाताशी येते, कपाळात बाणाची खूण असलेली. वाचकाला फ्रान्सिस आठवतो, नव्या रोमहून परतताना वाटमाऱ्यांच्या बाणाने गेलेला. झेर्कींना तो कोण हे कळत नाही. आणि मग रेचल येते. म्हातारीचे डोके कलंडले आहे आणि दुसरे जागे झाले आहे. लहान मुलीसारखे, ऐकलेले शब्द तेवढे परत म्हणणारे. झेर्की धडपडत तिला बाप्तिस्मा देऊ लागतात. ती मान फिरवते, कपाळ पुसून टाकते. जे इतकी वर्षे मागूनही मिळाले नाही ते आता ती नाकारते. मग पात्र उचलून तीच त्यांना ख्रिस्तप्रसाद देते. चर्चचेही न केलेले एक काम होते आणि त्याचा हिशेब इथे, मरणाच्या दारात चुकता होतो. अनेक वाचकांना हा प्रसंग अनाकलनीय वाटतो. मला तो कादंबरीतला सर्वात नेमका प्रसंग वाटतो.

मिलरने यानंतर हयातीत दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. जानेवारी १९९६ मध्ये त्याने स्वतःच आपले जीवन संपवले. अर्धवट राहिलेला पुढचा भाग टेरी बिसनने पुरा केला, तो १९९७ साली आला. झेर्कींच्या तोंडी इतका ठाम नकार घालणाऱ्या लेखकाचा असा शेवट झाला, म्हणून पुस्तक खोटे पडते असे म्हणणारे मला भेटले आहेत. मी तसे मानत नाही. त्याने ५० हून अधिक वेळा आकाशातून खाली पाहिले होते, आणि त्या ओझ्याचे वजन मी दुरून करू शकत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

कादंबरीत एक जहाज सुटते. ब्रदर जोशुआच्या हाताखाली काही भिक्षू, काही सिस्टर आणि मुले दुसऱ्या ताऱ्याकडे निघतात. बरोबर मठातले सगळे जतन केलेले ज्ञान मायक्रोफिल्मवर. चढता चढता शेवटचा भिक्षू चपला एकमेकींवर आपटून धूळ झाडतो, शुभवर्तमानात शिष्यांना सांगितले होते तशी. मला ते झाडणे पुरेसे वाटत नाही, कारण त्या फिल्ममध्ये दिवा पेटवण्याची रीत आहे तशीच शहर जाळण्याचीही, आणि दोन्ही एकाच आराखड्यातून निघतात. तरीही ती फिल्म मागे ठेवा असे मी म्हणणार नाही. मला त्या जहाजात जागा मिळाली असती तर मी सगळेच कागद बरोबर घेतले असते, कोपऱ्यातल्या नावांसकट, आणि पाप ऐकायला बसणाऱ्या एखाद्या फादरांच्या शेजारची जागा मागून घेतली असती.